हार्लनची रिळं शेवटी

हॅलरन लँडिंग, अलास्का
रविवार, १८ मे २०२५

प्रिय डीन,

आज धुकं होतं. विमान आलं नाही. नदीवरचा बर्फ मंगळवारी फुटला, मोठे तुकडे अजून वाहताहेत आणि गावात सगळीकडे चिखल झालाय. सकाळी चर्चला गेले, तिथून रेडिओ केंद्रावर गेले, दुपारी परत आले. पाण्याचे डबे भरून आणले. सूप गरम करून खाल्लं. तुझं पत्र मागच्या विमानानं मिळालं. तू विचारलं आहेस त्याचं उत्तर एका ओळीत देता येईल, पण तसं दिलं तर तू लगेच फोन करशील, आणि फोनवर मला बोलणं जमत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले.

आधी इथल्या बातम्या. हार्लनच्या स्मरणाचं जेवण जूनच्या दुसऱ्या शनिवारी ठरलंय. तोवर होड्या नीट चालू होतील आणि वरच्या कॅम्पवरची माणसंही येऊ शकतील. स्वयंपाकाचं ओलिंका वासिलीनं अंगावर घेतलंय, म्हणजे त्यात आता कोणालाच काही बोलायची सोय उरलेली नाही. गस लिंडग्रेन, आपल्या रेडिओ केंद्राचा व्यवस्थापक, तुला अजून 'संत्रीवाला' म्हणतो. नाताळात तू पाठवतोस त्या पेटीतली निम्मी संत्री दर वर्षी तोच खातो. यंदा पेटी आली तेव्हा हार्लन पलंगावरच असायचा. मी त्याला एक सोलून दिलं. त्यानं वास घेतला आणि ते परत माझ्या हातात ठेवलं.

गसला केंद्रातली दोन माणसं कमी करावी लागली. सकाळच्या बातम्या बंद झाल्या. दिवसभर बाहेरून आलेलं संगीत आपोआप वाजत राहतं. कॅम्पवरच्या माणसांना घरच्यांनी पाठवलेले संध्याकाळचे निरोप मात्र गस स्वतः वाचतो. निरोप आता थोडेच असतात, कारण बहुतेक कॅम्पवर फोन लागतो. तरी म्हाताऱ्या माणसांना रेडिओवर आपलं नाव ऐकल्याशिवाय निरोप आला असं वाटत नाही. गस भरभर वाचतो. हार्लन प्रत्येक निरोप दोनदा वाचायचा आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर जरा थांबायचा, जणू समोरचा माणूस मान हलवेल म्हणून.

तुला वाटेल, वहिनीनं पुन्हा रेडिओचं रडगाणं सुरू केलं. फेब्रुवारीत, तो गेल्याच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, "वहिनी, राग मानू नकोस, पण चारशे माणसांच्या गावातल्या रेडिओसाठी माझ्यासारख्या बॉइसीच्या प्लंबरनं कर का भरायचा? ज्यांना ऐकायचंय त्यांनी वर्गणी काढावी. थोडी काटकसर झाली म्हणून कोणी मरत नाही." मग तुझं तुलाच कळलं की आपण कोणाशी काय बोलतोय, आणि तू हवामानावर गेलास. मी गप्प राहिले. तुला वाटलं असेल मला पटलं. मी गप्प राहते तेव्हा माणसांना नेहमी तसंच वाटतं.

केंद्रातल्या जुन्या फिती वाचवायला मिळालेल्या अनुदानाबद्दल तुला थोडं माहीत आहे, सगळं नाही. केंद्रात दोन जुन्या कपाटांत रिळांवरच्या फिती होत्या. काही फिती म्हाताऱ्या बायकांच्या, हार्लन आणि त्याच्याबरोबरच्या पोरांनी घरोघरी जाऊन इथल्या मूळ लोकांच्या यूपिक भाषेत रेकॉर्ड केलेल्या. बाकीच्या निरोपांच्या. संध्याकाळी वाचलेले निरोप सकाळी पुन्हा लावायचे असत म्हणून ते रेकॉर्ड व्हायचे, आणि नव्या फिती परवडत नसल्यामुळे त्यांच्यावरच पुढचे. त्यातूनही जी रिळं वाचली ती वाचली. नंतरच्या कॅसेटी पुराच्या वर्षी खालच्या फळीवर होत्या. त्या गेल्या. म्हणजे हार्लनचा आवाज या जगात फक्त त्या वरच्या फळीवर होता. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला आणि त्याच्याकडे पाटी आली ती शेवटपर्यंत. तू भेटायला आलास, घरात शिरताच त्याच्या गळ्याकडे बघून रडायला लागलास, आणि त्यानं पाटीवर लिहिलं, 'रड, पण दार लाव. थंडी येतेय.' त्याचा आवाज कसा होता ते पुढे पुढे मला नीट आठवत नसे. त्याला ते कधी सांगितलं नाही.

वॉशिंग्टनचं अनुदान असं होतं की एकट्या रेडिओला मिळत नाही आणि एकट्या वाचनालयालाही नाही. फिती सांभाळायला वाचनालय हवं आणि त्या वाजवून, उतरवून लोकांपर्यंत न्यायला प्रसारण करणारं कोणीतरी भागीदार हवं. म्हणून माझं वाचनालय, गसचं केंद्र आणि यंत्रं पुरवायला अँकरेजचं एक मोठं केंद्र, अशी मोट बांधली. गस म्हणाला, "आता आपण भागीदार झालो म्हणे. गेली तीस वर्षं मी तुझी पुस्तकं नेतो आणि परत देत नाही, त्याला आधी काय म्हणत होते?" प्रकल्पाचा प्रमुख म्हणून सही हार्लनची होती. कामाचा क्रमही त्यानंच लावला. पाटीवर लिहिलं, 'आधी म्हाताऱ्या. माझी शेवटी.' गस म्हणाला, "का, लाज वाटते?" हार्लननं पुसून लिहिलं, 'माझ्या रिळांवर मी होडीच्या स्पार्क प्लगबद्दल बोलतोय. त्या काहीतरी सांगताहेत.'

त्या काळच्या फितींचा एक रोग असतो. वर्षं गेली की त्या हवेतलं पाणी ओढून चिकट होतात आणि वाजवायला गेलं की यंत्राला चिकटतात. त्यावर उपाय म्हणजे त्या मंद आचेवर वाळवायच्या. इथं प्रत्येक घरात मूस हरणाचं मांस वाळवायचं यंत्र असतंच. त्यात जाळ्यांवर रीळ आडवं ठेवायचं, मधून मधून उलटायचं. यालाच फितींचं काम करणारी माणसं भाजणं म्हणतात. जानेवारीभर हार्लन स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, पांघरूण घेऊन त्या यंत्रापाशी बसला. जुन्या मिरीचा आणि गरम प्लॅस्टिकचा वास घरात भरला होता. ओलिंका आत आली, झाकण उचलून बघितलं आणि म्हणाली, "मीठ लावलंस का रे?" हार्लननं लिहिलं, 'मिरीपण.' ती म्हणाली, "माझी आई आहे ना त्यात? तिला तिखट चालत नाही." बसून चहा प्यायली आणि जाताना यंत्रावर हात ठेवून गेली.

अँकरेजच्या केंद्रातल्या बर्नाडेटनं आम्हाला आधीच बजावलं होतं. ती त्यांच्या जुन्या फितींच्या विभागात काम करायची. भाजलेली फीत थोडेच आठवडे बरी राहते, मग पुन्हा ओल धरते, म्हणून यंत्र तुमच्याकडे आल्यावर जेवढी वाजवता येतील तेवढीच भाजा, असं ती म्हणाली होती. आम्ही ते ऐकलं आणि सगळी भाजली. मूर्खपणा म्हण हवं तर. पण तू इथं एक उन्हाळा काढला आहेस. मासे आले की कोणी म्हणतं का की आज एवढेच, बाकीचे पुढच्या महिन्यात? जानेवारीत हवा हाडासारखी कोरडी असते, आणि बर्फ फुटल्यावर घरातलं मीठसुद्धा ओलं होतं. इथं जे वाळवायचं ते कोरडं आहे तोवर वाळवतात, सगळं, एकदम. हार्लननं लिहिलं, 'उरकून टाकू.' आणि घाई करायचं त्याच्याकडे आणखी एक कारण होतं, ते त्यानं लिहिलं नाही. काम पुढच्या वर्षाच्या सप्टेंबरपर्यंत मंजूर होतं. सरकारची सही होती. सहीवर भरवसा ठेवणं ही चूक ठरेल असं आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही.

फेब्रुवारीत तो गेला. त्याबद्दल पुन्हा लिहीत नाही.

मार्चमध्ये बर्नाडेट यंत्र घेऊन विमानातून उतरली. कपाट उघडून तिनं रिळांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि माझ्याकडे वळली. "सगळी? बाई, सगळी भाजलीत? तुम्हाला फोनवर मी काय गोष्ट सांगत होते?" गस म्हणाला, "ज्यानं भाजली त्याला रागवायचं असेल तर टेकडीवरच्या दफनभूमीत जावं लागेल." ती कोट काढून कामाला लागली. फीत जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, त्यात घाई करता येत नाही. एका म्हातारीनं तासभर सांगितलं असेल तर तासभर बसायचं, मग यंत्र पुसायचं, मग पुढची. मध्येच वीज गेली की पहिल्यापासून. बर्नाडेटनं गसला शिकवलं आणि ती परत गेली. यंत्र आमच्याकडे राहिलं. मी वाचनालय बंद करून रोज केंद्रात जाऊन बसायचे. हार्लन गेल्यानंतरचे ते दिवस मी कसे काढले असं तू विचारलं होतंस. असे काढले.

एप्रिलमध्ये पत्र आलं, संगणकावर, हार्लनच्या नावानं. प्रमुख तोच होता. त्याचं निधन झाल्याचं मी मार्चमध्येच कळवलं होतं, पण ते कोणी वाचलं नसावं. 'महोदय हार्लन प्रुइट' असं संबोधून कळवलं होतं की तुमचं काम राष्ट्राच्या सध्याच्या प्राधान्यक्रमाशी जुळत नसल्यामुळे अनुदान आजच्या तारखेपासून रद्द करण्यात येत आहे. खाली सही नव्हती. माझ्या नवऱ्याला मेल्यानंतर आलेलं ते एकमेव सरकारी पत्र. मी ते गसला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "निदान तो तरी सुटला. त्याला खुलासा पाठवावा लागणार नाही." मग बाहेर जाऊन बराच वेळ उगाचच लाकडं फोडत राहिला.

यंत्र अनुदानातून भाड्यानं घेतलेलं होतं. अँकरेजच्या केंद्राला ते परत द्यायचं होतं. पुढच्या विमानानं पाठवा, असं कळवणारा फोन बर्नाडेटलाच करावा लागला, आणि त्याच आठवड्यात तिलाही घरी पाठवणार होते. तिनं ज्या शिव्या दिल्या त्या वाचनालयात काम करणाऱ्या बाईनं लिहू नयेत. शेवटी म्हणाली, "तुमच्याकडे धुकं फार असतं ना? विमान उतरलं नाही तर यंत्र कसं येणार. मला काही माहीत नाही. मी काही विचारलेलं नाही." धुकं नव्हतं. स्वच्छ ऊन होतं. पण विमान चालवणारा विल्बर मट्रोनाच्या नातीचा नवरा. मट्रोना म्हणजे ओलिंकाची आई, तिच्या दोन फिती होत्या. विल्बर एकदा गावावर येऊन घिरट्या घालून परत गेला आणि त्यानं वर कळवलं की धावपट्टी दिसली नाही.

अशी आम्हाला तीन-चार दिवसांची सवड मिळाली. आम्ही तिघं वाचनालयात बसलो, मी, गस आणि ओलिंका. वाचनालयाची समिती म्हणजे आम्ही तिघंच. गस लगेच म्हणाला, "हार्लनची लावू." मी म्हटलं, क्रम ठरलाय, अजून म्हाताऱ्यांच्या फिती उरल्यात. ओलिंका म्हणाली, "कोणाचा क्रम? अनुदान मेलं. क्रम लावणारा मेला. आता कोणाचं ऐकतेस तू?" मी म्हटलं, त्याचंच. ती म्हणाली, "बाई, तो त्याचा आवाज होता म्हणून त्याला तसं म्हणता आलं. तुला कसं म्हणता येतं?" गस म्हणाला, "थोडं त्याचं, थोडं त्यांचं करू." मी म्हटलं, कोणती म्हातारी अर्धी करायची ते तूच सांग.

मला काय वाटत होतं ते तुला सांगते, कारण तू त्याचा भाऊ आहेस. ज्या फितींवर माझा नवरा लोकांना सांगतोय की मोटरचा भाग गुरुवारच्या विमानानं येतोय आणि आईचं दुखणं उतरलंय, त्या आधी लावल्या असत्या तर गावात एका माणसानंही मला बोल लावला नसता. तेच मला सहन झालं नसतं. त्या म्हाताऱ्यांच्या फितींवर जे शब्द आहेत ते गावातल्या तरण्या पोरांना आता येत नाहीत. हार्लन मेल्यावर त्याचं ऐकायचं नाही तर कधी ऐकायचं? जिवंतपणी मी त्याचं फारसं ऐकलं नाही, हे तुला माहीत आहे.

आम्ही पाळी लावून बसलो. जेवण ओलिंका आणायची. शेवटच्या दिवशी सकाळी टेबलावर दोन रिळं होती. एक मट्रोनाचं दुसरं आणि एक हार्लनचं. विल्बरनं कळवलं होतं की आता त्याला जास्त टाळता येणार नाही, दुपारी येईन. ओलिंका माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आईचं एक झालंय. मला पुरे आहे. तुझ्या नवऱ्याचं लाव." मी मट्रोनाचं उचललं. ती माझा हात धरून म्हणाली, "हट्टी बाई. तो गेला तेव्हा त्याचा हट्ट तुझ्या नावावर करून गेला काय?" मी रीळ लावलं. ती रागानं खुर्ची सरकवून बसली. मग आवाज सुरू झाला आणि तिचा राग गेला, कारण फितीवरची मट्रोना गोष्ट अर्ध्यावर सोडून कुत्र्याला शिव्या देत होती. कुत्र्यानं मासा पळवला होता. ओलिंका हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "तो काळा कुत्रा. तो मलाच चावला होता." मी पूर्ण तासभर कान देऊन ऐकलं. फीत रेकॉर्ड करणारा हार्लन होता, मायक्रोफोन त्याच्या हातात होता. मला वाटलं, एखादा शब्द तरी बोलेल. विचारेल, पुढे काय झालं. नाही. मट्रोना त्याला मध्ये म्हणतेही, "हा गोरा पोरगा काही खातच नाही, घे ना." त्यावर फक्त बशीचा आवाज येतो. तो शिकला होता की म्हातारी बोलत असताना आपण बोलायचं नसतं. आपलं काम त्यानं फार चांगलं केलं.

फीत संपायच्या आतच विमानाचा आवाज आला. गस म्हणाला, "संपू दे. विल्बर चहा पिईल." विल्बरनं दोन कप चहा घेतला. फीत संपली, यंत्र पेटीत गेलं, आणि हार्लनची रिळं पुन्हा फळीवर गेली.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू लिहिलं आहेस की स्मरणाच्या जेवणाला तू येशील, आणि तिथं तुला दुसरं काही नको, फक्त तो निरोप लोकांसमोर वाजवायचा आहे. तारखेसकट लिहिलं आहेस. तुला वाटलं असेल मला आठवणार नाही. तू एकोणीस वर्षांचा होतास. म्हाताऱ्या निकोलायबरोबर वरच्या कॅम्पवर मासेमारीला गेला होतास, आणि इकडे नेब्रास्काहून फोन आला की तुमचे वडील गेले. रेडिओचा पक्का नियम होता, अजून आहे, की मरणाची बातमी हवेतून सांगायची नाही, ती आपल्या माणसानं समोर उभं राहून सांगायची. हार्लननं संध्याकाळी बाकीच्या निरोपांमध्ये तुझा वाचला, त्याच आवाजात. "डीन प्रुइट, वरचा कॅम्प. उद्या सकाळच्या होडीनं खाली ये. हार्लन धक्क्यावर असेल." दोनदा वाचला आणि थांबला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हाच सगळ्या नदीला कळलं होतं की तुमच्यातलं कोणीतरी गेलंय. तू खाली येत होतास तेव्हा प्रत्येक कॅम्पवर माणसं काठाशी उभी होती. कोणी सुका मासा दिला, कोणी चहा पाजला, एका बाईनं तुझ्या अंगावर आपला कोट घातला, आणि कोणीही एक शब्द सांगितला नाही, कारण तो तुझ्या भावानं सांगायचा होता. धक्क्यावर पोचेपर्यंत तुला वाटत होतं इथली माणसं किती आतिथ्यशील आहेत. तूच मला हे हसत हसत सांगितलं होतंस, पुष्कळ वर्षांनी, आणि मग तुझा चेहरा बदलला होता.

डीन, त्या सकाळी टेबलावर होतं ते रीळ हेच. चिठ्ठीवर त्याच उन्हाळ्याची तारीख आहे. ते मुद्दाम कोणी काढलं नव्हतं, फळीवर ओळीनं पहिलं तेच होतं. तेव्हा ते वाजलं असतं. तुझं पत्र आल्यावर मी ते गसकडे घेऊन गेले, आणि आज चर्चनंतर आम्ही ते केंद्रातल्या जुन्या यंत्रावर लावलं. एक वाकडी किंकाळी आली आणि फीत थांबली. तपकिरी चिकटा यंत्रावर आणि गसच्या बोटांवर राहिला. बर्नाडेटला फोन केला. आता ती एका दुकानात काम करते. म्हणाली की पुन्हा भाजून कदाचित एकदा वाजेल, कदाचित नाही, आणि उतरवून घ्यायला नीट यंत्र हवं, ते आता अँकरेजच्या गोदामात कुलपात आहे आणि ते चालवणारं तिथं कोणी उरलं नाही. तेव्हा उत्तर असं आहे की तो निरोप मी तुला देऊ शकत नाही. मट्रोनाची फीत देऊ शकते. तिच्यावर तुझा भाऊ आहे, तासभर, गप्प. तू ये. खोली तयार करून ठेवते. जेवणाच्या दिवशी कोणीतरी बोलायला हवं आणि ते तूच कर, त्या होडीची हकीकत सांग, पण सांगायची तर पूर्ण सांग, तुझ्यापर्यंत निरोप कशानं पोचला तेही सांग. मी वाद घालणार नाही. आणि मी माफी मागणार नाही, पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तूही मागू नकोस. मला फक्त एवढंच हवं होतं की हे तुला दुसऱ्या कोणाकडून, जेवणाच्या गर्दीत, हातात ताट असताना कळू नये. मघाशी कोणीतरी दारात एक रानहंस ठेवून गेलंय, नाव न सांगता. मे महिन्यात हंसांची शिकार असते, तेव्हा असं चालतंच. पिसं काढायला बसते आता. एकटीला पुष्कळ होईल.

अजूनही तुझी वहिनीच,
रोवेना